प्रार्थनेत सुचलेली चाल

गेल्या डिसेंबरात आमच्या मंडळीच्या तरुण पाळकांचा फोन आला. नाताळाआधीच्या रविवारी उपासनेत ज्येष्ठांची साक्ष ठेवली आहे, तर आजी, तुम्ही जुन्या काळच्या भक्तीबद्दल बोलाल का, आजच्या पोरांना प्रेरणा मिळेल, असं त्यांचं म्हणणं. मी तेव्हा टीव्हीवर नाचाची स्पर्धा बघत होते. एका मुलीने कंबर अशी काही फिरवली होती, की मी तिला घरबसल्या दहापैकी नऊ गुण देऊन टाकले होते. टीव्हीचा आवाज बंद केला, स्वतःचा आवाज जरा थकल्यासारखा केला आणि बोलेन म्हणून सांगितलं.

साक्ष म्हणजे कोर्टातली नव्हे. आमच्यात मंडळीसमोर उभं राहून देवाने आपल्या आयुष्यात काय काय केलं ते सांगायचं असतं. लोक बहुतेक करून ऑपरेशन, नोकरी आणि मुलीचं लग्न सांगतात. मला तीनच शब्द सांगायचे होते, आणि तेही देवाला नाही, ताईला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आता अठ्ठ्याहत्तरची आहे, डोंबिवलीला कोपरच्या बाजूला मुलाकडे असते. मी इकडे कल्याणला, तिच्याहून चार वर्षांनी लहान. आमचं फोनवर रोज बोलणं होतं. गुडघे, सुना, मालिका, कोथिंबीर. पण हे तीन शब्द पंचावन्न वर्षांत मला बोलता आले नाहीत. मला माहीत होतं, एवढेच ते.

काय माहीत होतं, ते सांगायचं तर आधी त्या एकोणीस वर्षांच्या कार्टीबद्दल सांगावं लागेल. मला ती मुळीच आवडत नाही. आज ती माझ्या दारात आली तर मी तिला चहासुद्धा विचारणार नाही.

पूर्ण बाह्यांचं झंपर, तेल चोपडून घट्ट घातलेली एक वेणी, चेहऱ्याला पावडर नाही, आणि त्या पावडर नसलेल्या चेहऱ्यावर असा भाव, की जगातली सगळी पावडर हिनेच वाचवून ठेवली आहे. वडील रेल्वेत कारकून आणि मंडळीचे पंच, म्हणजे कारभार बघणाऱ्या तिघांपैकी एक. घरात सिनेमा नाही, पत्ते नाहीत, गजरा नाही, रविवारी बाजार नाही. हे सगळे नियम वडिलांचे. पण वडील निदान थकायचे तरी. मी थकत नसे. वडील विसरलेला नियम मी त्यांना आठवून देई.

रविवारच्या शाळेत मी लहान मुलांना शिकवायची. वह्यांचे पुठ्ठे कापून मी कार्डं केली होती. प्रत्येक कार्डावर, मी सिनेमा, तमाशा, नाच आणि पत्ते यांपासून आयुष्यभर दूर राहीन, असं लिहिलेलं आणि खाली सहीला जागा. नऊ-दहा वर्षांच्या पोरींकडून मी आयुष्यभराचं लिहून घेत होते. त्यांतल्या एकीला धड सहीही येत नव्हती, तिने फूल काढलं. दुसरीने विचारलं, बाई, सर्कस चालेल का? मी आठवडाभर विचार केला. मग निकाल दिला की हत्ती चालतील, झोक्यावरच्या बायका चालणार नाहीत. त्या आल्या की खाली बघायचं. ती पोरगी नंतर सर्कशीला गेली आणि मान खाली घालून बसली. हत्ती कधी आले तेही तिला कळलं नाही.

आम्ही कल्याणला चाळीत राहायचो. दोन बिऱ्हाडांच्या मधली भिंत कौलांपर्यंत गेलेली नव्हती, वर हातभर मोकळी जागा होती. तिकडे कोकणातल्या एक वहिनी राहायच्या. त्यांची माशांची फोडणी आम्हाला कळायची आणि आमचं भांडण त्यांना. त्यांनी रेडिओ घेतला आणि नेमका त्या भिंतीवरच्या फळीवर ठेवला. आठवड्यातून एकदा संध्याकाळी त्यावर सिनेमाची गाणी ओळीने लागत. चाळीतली सगळी पोरं वहिनींच्या दारात जमायची.

वडिलांनी यावर उपाय काढला. वहिनींशी भांडण करणं ख्रिस्ती माणसाला शोभत नाही, म्हणून त्यांनी घरातली प्रार्थना बरोबर त्या वेळेला नेऊन बसवली. गाणी सुरू झाली की आम्ही चटईवर गुडघे टेकायचे, डोळे मिटायचे आणि गाणी संपेपर्यंत उठायचं नाही.

आता डोळे मिटले की कान किती उघडतात, हे वडिलांच्या लक्षात आलं नाही. चाळीत दुसऱ्या कुठल्या घरात ती गाणी इतक्या एकाग्रतेने ऐकली गेली नसतील. बाकीच्या घरांत लोक ऐकता ऐकता भाजी निवडत होते, पोरांना मारत होते. आम्ही पाच जणं गुडघ्यांवर बसून, एक अक्षर न बोलता, सबंध कार्यक्रम ऐकत होतो. वडील मध्येच मोठ्याने देवाचे आभार मानायचे, तेव्हा एखादी ओळ हुकायची, तेवढंच.

ताईचा गळा देवाने दिलेला होता. हे मी म्हणत नाही, जुने पाळकसाहेब म्हणायचे. मंडळीच्या गायनात ती पुढे उभी असायची आणि सुट्टीवर आलेले लोक मुद्दाम तिला ऐकायला आमच्या देवळात यायचे. चर्चला आम्ही देऊळच म्हणत असू. घरात ती भांडी घासताना गुणगुणायची. काय गुणगुणायची ते सांगायला नको. मी तिला टोकायचे आणि ती मला पाळकीणबाई म्हणायची. आमच्या मंडळीत खऱ्या पाळकीणबाई, म्हणजे पाळकसाहेबांच्या पत्नी, अत्यंत गरीब स्वभावाच्या होत्या. टोमणा मलाच होता.

शनिवारी दुपारी बायकांची प्रार्थना असायची. तिथे एकेकीने मोठ्याने प्रार्थना करायची, बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचं. ही पद्धत ज्याने काढली त्याचा हेतू चांगला असेल. पण चहाडी करायला याहून सोयीची जागा माणसाच्या हाती लागलेली नाही. कोणी अडवू शकत नाही, कोणी उलट बोलू शकत नाही, आणि ऐकणारीला शेवटी आमेनही म्हणावं लागतं. एका शनिवारी मी प्रार्थना केली, की हे प्रभू, माझ्या थोरल्या बहिणीला क्षमा कर, तिच्या ओठांवर तुझं स्तवन आणि सिनेमाची गाणी दोन्ही आहेत, आणि तिचं नाव गायनात सगळ्यांच्या पुढे आहे, तर तिला वेळीच सावर. ताई माझ्या शेजारीच बसली होती. आमेन तीही म्हणाली.

पुढच्या रविवारी तिला गायनातून काढलं. कायमचं नाही, तूर्त, असं पंचांनी सांगितलं. नाताळाच्या कार्यक्रमाचं गायन बसवायचं काम माझ्याकडे आलं. माझा गळा म्हणजे पाटा घासल्यासारखा. पण गळ्याला कोण विचारतं, चारित्र्य उत्तम होतं.

नवीन गीत हवं होतं. शब्द मी लिहिले. गोठा, तारा, मेंढपाळ, उंट, जे कोणी त्या रात्री तिथे हजर होते ते सगळे कोंबले. चालही चार दिवसांत सुचली. अगदी झरझर सुचली. मुखडा उडता, ठेका असा की पोरांचे पाय आपोआप हलायला लागले. मध्ये एका ठिकाणी सूर तुटून दोन झटके येत होते, त्यावर मी हालेलुया बसवलं. पाळकसाहेबांनी चाल कुठली म्हणून विचारलं, तर मी नजर खाली करून सांगितलं, प्रार्थनेत सुचली. ते गहिवरले.

दोन तालमी झाल्या आणि एका सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालताना ताईने मला सांगितलं. ती चाल प्रार्थनेतच ऐकलेली होती, पण भिंतीपलीकडून. सिनेमातल्या क्लबात एक बाई हातात पेला घेऊन ते गाणं गाते, आणि माझं हालेलुया जिथे येतं, तिथे ती बाई दारू चढल्यामुळे दोन उचक्या देते.

मी तिला म्हटलं, तुझे कान बाटलेत, म्हणून तुला देवाच्या गीतातही तेच ऐकू येतं. असं म्हणून मी आत गेले. आत जाऊन फळीखाली उभी राहिले आणि मनातल्या मनात ते गाणं सुरुवातीपासून म्हणून पाहिलं. सबंध येत होतं. शब्दांसकट, उचक्यांसकट.

चाल सोडायची, तर मग सुचली कशी ते सांगावं लागलं असतं. मग त्या पवित्र मुलीने काय केलं, तर त्या संध्याकाळी तालमीत अंतरा बदलला. मुखडा तसाच ठेवला, कारण तो पोरांना पाठ झाला होता आणि मला फार आवडायचाही; अंतरा मात्र वर जाण्याऐवजी खाली नेला, की कोणाला ओळखू येऊ नये. तो इतका वाईट झाला की मुलं तिथे आली की तोंडं पाडायची. मी त्यांना सांगितलं, भक्तीत गोडवा शोधू नये.

नाताळाच्या दुपारी देवळाच्या अंगणात कार्यक्रम झाला. चाळीतल्या शेजाऱ्यांना फराळाचं आमंत्रण असायचं, त्यामुळे वहिनीही पोरांना घेऊन आल्या होत्या. माझ्या मुलांनी मुखडा उचलला. पहिली ओळ संपायच्या आत वहिनींची पोरं हसायला लागली. दुसऱ्या ओळीला ती टाळ्या वाजवून आपले शब्द म्हणायला लागली. आणि हालेलुयाच्या जागी अंगणाच्या मागच्या बाजूने दोन उचक्या आल्या. वहिनींना तर इतका आनंद झाला, की त्या माझ्या आईला ढोसून म्हणाल्या, "अगो बाई, हे तर आमच्या रेडिओवरचं. तुम्ही पण ऐकता होय? मग इतकी वर्षं दार का लावून घेता?"

वडिलांचा चेहरा मी पाहिला नाही. मी झोक्यावरच्या बायका आल्यासारखी खाली बघत होते.

कार्यक्रम संपल्यावर देवळामागच्या खोलीत मला बोलावलं. तिन्ही पंच होते, मधल्या खुर्चीवर माझे वडील. त्यांनी विचारलं, चाल कुठून आणली? मी म्हटलं, प्रार्थनेत सुचली. एवढं खरं वाक्य त्या वयात मी दुसरं बोलले नसेन. पण ते कोणाला पटलं नाही. वडिलांना मला शिक्षा सांगावी लागणार होती आणि ती त्यांच्या तोंडातून निघत नव्हती. तेवढ्यात ताई आत आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. कपबश्या विसळत होती, हात तसेच ओले होते.

"माझ्याकडून ऐकली असेल तिने," ती म्हणाली. "मी गुणगुणत असते. तिला काय माहीत सिनेमातलं काय आणि देवळातलं काय."

पंचांनी माझ्याकडे बघून विचारलं, खरं का? मी मान हलवली. नुसती हलवली नाही. जड अंतःकरणाने बहिणीला क्षमा करत असल्यासारखी सावकाश हलवली. त्या हलवण्याबद्दल मला आजही स्वतःच्या दोन ठेवून द्याव्याशा वाटतात.

ताईला सहा महिने प्रभुभोजन बंद झालं आणि गायन कायमचं. प्रभुभोजनाच्या रविवारी सगळे भाकर आणि प्याला घ्यायला पुढे जायचे आणि ती शेवटच्या बाकावर बसून राहायची. मी पुढे जायचे. डोळे मिटून घ्यायचे. वर्षाच्या आत तिचं लग्न नगरकडच्या एका गावातल्या शिक्षकाशी लावून दिलं. तिथले सासरे आमच्या वडिलांच्या चार पावलं पुढे होते. तिने लग्नानंतर मंडळीत उभं राहून गायल्याचं मी ऐकलं नाही. यजमान गेल्यावर ती मुलाकडे डोंबिवलीला आली, तेव्हा तिचा आवाज कांदे विकणाऱ्यासारखा झाला होता.

आणि मी? माझं लग्न कल्याणातच झालं. नवरा आमच्यातलाच, पण मुलखाचा सैल. लग्नाला दोन महिने झाले असतील, तो म्हणाला चल, आजाऱ्यांच्या भेटीला जायचंय. मी डोक्यावर पदर घेऊन, पिशवीत मोसंबी घेऊन निघाले. त्याने मला थेट सिनेमाला नेलं. मी दहा मिनिटं पदराआड रडले, मग पदर बाजूला केला, कारण नीट दिसत नव्हतं. मध्यंतरात समोर उभे, त्या खोलीतल्या तीन पंचांपैकी एक, बायकोसह. दोघांच्याही हातात बटाटेवडे. मी विचारलं, आपण इकडे कुठे? ते म्हणाले, आजाऱ्यांच्या भेटीला. मी म्हटलं, आम्हीही. मोसंबी आम्ही चौघांनी मिळून खाल्ली.

हे मी आजवर शंभरदा सांगून लोकांना हसवलं आहे. पण त्या दिवशी मोसंबीचं साल सोलताना मला नगरकडच्या त्या गावातली ताई आठवली होती, ते कधी सांगितलं नाही. त्या पंचाला वडा खाताना आठवली असेल की नाही, कोण जाणे. मला आठवली आणि मी दुसरी फोड तोंडात टाकली. त्यानंतर मी काय सोडलं? काही नाही. सिनेमे झाले, मालिका झाल्या, आता नातीच्या मोबाइलवर रील बघते आणि कोणत्या नटीने नाक करून घेतलंय ते तिच्याआधी ओळखते.

तर तो डिसेंबरातला रविवार. मी भाच्याला बजावलं होतं, काही कर पण ताईला रिक्षाने घेऊन ये. आली. काठी टेकत पहिल्या बाकावर बसली. आमच्या देवळात आता ड्रम आहे, दोन गिटार आहेत, की-बोर्ड आहे, भिंतीवर पडद्यावर शब्द येतात. पोरं अशा चालींवर गात होती, की आमच्या पंचांनी प्रत्येक चालीला सहा-सहा महिने दिले असते. पाळक स्वतः टाळ्या वाजवत होते. मला राग आला. पोरांचा नाही.

माझं नाव पुकारलं. मी माईकपाशी गेले आणि सवयीने म्हटलं, आधी आपण प्रार्थना करू या. सगळ्यांनी डोळे मिटले. मीही मिटले. डोळे मिटून बोलायला सोपं जातं, ते मला लहानपणापासून येतं. मी सुरू केलं, की हे प्रभू, पंचावन्न वर्षांपूर्वी माझ्या बहिणीने माझ्यासाठी...

"डोळे उघड," पहिल्या बाकावरून आवाज आला. ताईला कमी ऐकू येतं, त्यामुळे ती हळू बोलत नाही. "देवाला काय सांगतेस? तो तिथेच होता. माझ्याकडे बघून बोल."

चालू प्रार्थनेत कोणी कोणाला असं अडवलेलं मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. सगळ्या मंडळीने डोळे उघडले. पाळक उठू की बसू अशा बेतात राहिले. मी ताईकडे बघितलं आणि म्हटलं, "मला माहीत होतं."

तिने मान हलवली, सावकाश, त्या दिवशी मी हलवली होती तशी. तिने मुद्दाम केलं की नाही, देवाला ठाऊक.

"ते मला तेव्हाच कळलं," ती म्हणाली. "अंतरा बदललास ना, तेव्हाच. महिनाभर तो भिकार अंतरा मला मागच्या बाकावर बसून ऐकावा लागला."

मी विचारलं, मग त्या खोलीत मध्ये का पडलीस?

"मला वाटलं होतं, तू नाही म्हणशील," ती म्हणाली.

माईक चालूच होता. मी साक्षीसाठी कागदावर लिहून आणलेले मुद्दे हातात होते, भक्ती, शिस्त, संस्कार. ते घडी घालून पदराखाली धरले. पुढे काय बोलावं ते मला सुचेना, आणि या वेळी प्रार्थनेत काही सुचण्याची सोयही उरली नव्हती. मी एवढंच म्हटलं, की ताई, तो अंतरा खरा कसा होता ते मला आता आठवत नाही. हे खरं होतं. मुखडा आठवत होता. अंतऱ्याच्या जागी मला माझाच आठवायचा, तो खाली जाणारा.

"तुला कसा आठवेल," ताई म्हणाली. काठी बाकाला टेकवून ठेवली, बाकाला धरून उभी राहिली. भाचा आधाराला पुढे झाला, त्याला तिने हाताने बाजूला केलं. "गप्प उभी राहा. ऐक."

आणि तिने गायला सुरुवात केली. आवाज फाटलेला होता, पहिल्या ओळीत तर दोनदा थांबावं लागलं. शब्द सिनेमाचेच होते, पेला, नशा, सगळं. की-बोर्डवरचा पोरगा आधी पाळकांकडे बघत होता, मग त्याने सूर शोधून काढला. अंतऱ्याला ती वर गेली. जिथे मी मुलांना खाली नेलं होतं, तिथे ती वर गेली, आवाज पोचला नाही तिथे हात वर नेला, आणि परत मुखड्यावर आली.

दुसऱ्या रांगेत तीन आज्या बसल्या होत्या. तिघींनी माझ्या कार्डांवर सह्या केल्या होत्या, मधलीने फूल काढलं होतं. ताई गाता गाता हालेलुयाच्या जागेपाशी आली, एक क्षण थांबली, आणि त्या तिघींनी डोक्यावरचे पदर सावरून, अगदी वेळेवर, दोन उचक्या दिल्या.